बर्फ ज्याच्या अंगणात : हिवाळी क्रीडास्पर्धांची कथा

(तृतीय वर्ष कला, इतिहास)

बर्फ म्हटला की आपल्याकडच्या माणसाला प्रथम आठवतो तो जत्रेतला रंगीत गोळा, नाहीतर लग्नघरी भुसा लावून गोणपाटात गुंडाळून आणलेली लादी. त्या बर्फावर माणसे धावतात, उड्या मारतात, ताशी शंभरांहून अधिक किलोमीटरच्या वेगाने घसरत जातात आणि त्यासाठी त्यांना पदके मिळतात, हे चित्र आपल्या डोळ्यांपुढे सहज उभे राहत नाही. 'मग तू या विषयावर का लिहितेस?' असे संपादक मंडळातल्या मैत्रिणीने मला विचारले. प्रश्न रास्त होता. म्हणून आधी कारण सांगते.

मी शाळेपासून खो-खो खेळते. आमचे मैदान मातीचे. सकाळी त्यावर पाणी मारायचे, चुन्याची फक्की टाकायची आणि अनवाणी पायांनी खेळायचे, एवढेच आम्हाला ठाऊक. गेल्या वर्षी निवड चाचणीसाठी बाहेरगावी गेलो तेव्हा सामने मॅटवर होते. मॅट मी जन्मात प्रथमच पाहत होते. मातीवर दिशा बदलताना पाय किंचित घसरू द्यायचा असतो, त्या घसरण्यावरच आमचा तोल सांभाळलेला असतो. मॅटवर पाय घसरलाच नाही, जागीच धरला गेला. गुडघ्यावर आपटले आणि पहिल्या मिनिटातच बाद झाले. परतताना एसटीत आमचे सर एवढेच म्हणाले, "खेळ तोच गं, मैदान त्यांचं होतं."

हे वाक्य काही डोक्यातून जाईना. त्याच सुमारास ग्रंथालयात ऑलिंपिकच्या इतिहासावरचे एक जाडजूड पुस्तक हाती आले. त्यात हिवाळी ऑलिंपिकचे प्रकरण होते. वाचता वाचता वाटले की, 'मैदान त्यांचं' हा प्रकार पाहायचा असेल तर याहून मोठे उदाहरण जगात सापडणार नाही. येथे मैदान निसर्गच देतो, आणि तो ते मोजक्याच देशांना देतो. तरीही या स्पर्धांना 'जागतिक' म्हटले जाते. हे कसे घडले, आणि बर्फ नसलेल्यांचे त्यात काय झाले, हे मी पुढे शोधत गेले. सापडले ते येथे मांडते.

गरजेतून खेळ, खेळातून स्पर्धा

स्की म्हणजे पायाला बांधायच्या लांब, पुढून वर वळलेल्या फळ्या. उत्तर युरोपात त्या हजारो वर्षे वापरात आहेत, पण खेळ म्हणून नव्हे. शिकारीला जायचे, लाकूड आणायचे, शेजारच्या वाडीवर जायचे तर हिवाळ्यात दुसरा उपायच नव्हता. आपल्याकडे कोकणात होडीला जे स्थान, तेच तेथे स्कीला.

या फळ्यांना खेळाचे रूप देण्यात नॉर्वेतील टेलेमार्क भागाचा वाटा मोठा आहे. तेथील मोर्गेडाल गावच्या सोंद्रे नोरहाइम नावाच्या गरीब कुळाने टाचेमागून जाणारा बंद वापरला. पूर्वी फळी केवळ बोटांपाशी अडकवलेली असे, त्यामुळे उडी मारली की ती निसटायची. टाच बांधली गेल्यावर उडी मारता येऊ लागली, वळता येऊ लागले. १८६८ साली क्रिस्तियानियाच्या, म्हणजे आजच्या ओस्लोच्या, स्पर्धेत नोरहाइमने राजधानीच्या लोकांना थक्क केले. पुढे १८९२ पासून ओस्लोजवळच्या होल्मेनकोलेन टेकडीवर स्पर्धा भरू लागल्या आणि स्की हा नॉर्वेच्या राष्ट्राभिमानाचा विषय झाला.

दुसरा उगम अगदी वेगळा आहे. स्वित्झर्लंडच्या दावोस, सेंट मॉरिट्झ अशा गावी श्रीमंत इंग्रज पाहुणे हिवाळ्यात हवापालटासाठी राहत. रिकामपणी करायचे काय? गावातली मुले ज्या लाकडी घसरगाड्यांवर खेळत त्याच या साहेबांनी घेतल्या आणि शर्यती सुरू केल्या. १८८३ साली दावोस ते क्लोस्टर्स अशी आंतरराष्ट्रीय घसरगाडी शर्यत झाली. ल्यूज, बॉबस्ले, स्केलेटन या आजच्या खेळांची ही आजी म्हणता येईल.

तिसरा उगम गोठलेल्या कालव्यांचा व तळ्यांचा. हॉलंडमध्ये पायाला लोखंडी पाते बांधून बर्फावरून जाणे सर्वसामान्यांना येत होते. १८९२ मध्ये आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटना स्थापन झाली, तीही हॉलंडमध्येच. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची स्थापना १८९४ सालची. म्हणजे बर्फावरचे खेळाडू संघटित होण्यात ऑलिंपिकच्याही दोन वर्षे पुढे होते!

याच संघटनेच्या इतिहासात मॅज सायर्स या इंग्रज बाईंची गोष्ट येते, ती आम्हा मुलींना विशेष आवडावी अशी आहे. १९०२ सालच्या जागतिक फिगर स्केटिंग स्पर्धेत त्यांनी आपले नाव नोंदवले. नियमात 'फक्त पुरुष' असे कोठेही लिहिलेले नव्हते, कारण बाई येईल असे कोणाच्या मनातच आले नव्हते. बाई आल्या आणि स्वीडनच्या उलरिक साल्कोव्हच्या पाठोपाठ चक्क दुसऱ्या आल्या. संघटनेने मग काय करावे? स्त्रियांना बंदी घालणारा नियम केला. पुढे १९०६ पासून स्त्रियांसाठी स्वतंत्र स्पर्धा सुरू झाली आणि ती सायर्सबाईंनीच जिंकली.

नॉर्डिक खेळ आणि एक आडकाठी

अनेक हिवाळी खेळ एकत्र आणून मोठा मेळावा भरवण्याची कल्पना प्रथम स्वीडनमध्ये प्रत्यक्षात आली. व्हिक्टर बाल्क या लष्करी अधिकाऱ्याच्या पुढाकाराने १९०१ साली स्टॉकहोमला 'नॉर्डिक खेळ' भरले. नाव आंतरराष्ट्रीय, पण खेळाडू बहुतेक स्वीडन, नॉर्वे व फिनलंडचे. येथेही राजकारण सुटले नाही. तेव्हा नॉर्वे आणि स्वीडन एकाच राजाखाली होते व नॉर्वेला वेगळे व्हायचे होते. १९०५ च्या खेळांवर नॉर्वेने बहिष्कार टाकला, आणि त्याच वर्षी दोन्ही देश विभक्त झाले. बहिष्कार हे शस्त्र अलीकडचे आहे असे आपण समजतो. ते या खेळांच्या बाळपणापासूनचे आहे.

दरम्यान १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फिगर स्केटिंगचा समावेश झाला. लंडनमध्ये कृत्रिम बर्फाची रिंगण-इमारत होती, म्हणून ते शक्य झाले. १९११ साली इटलीच्या एका सदस्याने सुचवले की १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकला जोडून हिवाळी आठवडाही घ्यावा. स्वीडनने साफ नकार दिला. कारण उघड होते: आमचे नॉर्डिक खेळ असताना दुसरा मेळावा कशाला? १९१६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये हिवाळी खेळ घेण्याचे ठरले होते, पण महायुद्धाने ते ऑलिंपिकच गिळून टाकले. १९२० मध्ये अँटवर्पला फिगर स्केटिंगबरोबर आइस हॉकीही झाली आणि ती कॅनडाने जिंकली.

ज्यांच्याकडे भरपूर बर्फ होता तेच या खेळांना ऑलिंपिकमध्ये नेण्यास विरोध करत होते, हे मला फार बोलके वाटले. अंगण आपले असले की माणसाला कुंपणही हवेसे वाटते.

शामोनी, १९२४

अखेर तडजोड निघाली. १९२४ चे ऑलिंपिक पॅरिसला होते. त्याआधी फ्रान्सच्याच आल्प्समधील शामोनी गावी, मों ब्लां पर्वताच्या पायथ्याशी, एक 'आंतरराष्ट्रीय हिवाळी क्रीडा सप्ताह' भरवायचा, समितीने त्याला केवळ आश्रय द्यायचा, 'ऑलिंपिक' हा शब्द वापरायचा नाही. २५ जानेवारीला उद्‌घाटन झाले. १६ देशांचे सुमारे अडीचशे खेळाडू आले. त्यांत स्त्रिया जेमतेम डझनभर आणि त्याही केवळ फिगर स्केटिंगपुरत्या.

पहिले सुवर्णपदक ५०० मीटर स्केटिंगमध्ये अमेरिकेच्या चार्ल्स ज्यूट्रॉने ४४ सेकंदांत मिळवले. त्यानंतर मात्र उत्तरेकडच्यांनी कोणाला फारसे जवळ येऊ दिले नाही. नॉर्वे आणि फिनलंड यांनी प्रत्येकी चार सुवर्णपदके नेली. नॉर्वेच्या थोरलाइफ हाउगने एकट्याने तीन जिंकली. आणि स्त्रियांच्या फिगर स्केटिंगमध्ये आठ जणींत आठवी आली ती नॉर्वेचीच सोन्या हेनी, वय वर्षे अवघे अकरा. हीच मुलगी पुढे १९२८, १९३२ आणि १९३६ अशी सलग तीन सुवर्णपदके जिंकून हॉलिवूडची तारका झाली. शेवटचा क्रमांक आलेल्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

सप्ताह इतका यशस्वी झाला की १९२५ मध्ये हिवाळी ऑलिंपिक वेगळे भरवण्याचा निर्णय झाला आणि १९२६ मध्ये शामोनीलाच मागाहून 'पहिले हिवाळी ऑलिंपिक' ठरवण्यात आले. म्हणजे १९२४ चे खेळाडू आपण ऑलिंपिक खेळत आहोत हे अधिकृतपणे न कळताच ऑलिंपिकवीर झाले. नॉर्डिक खेळ १९२६ नंतर बंदच पडले.

शामोनीची आणखी एक हकीकत आहे. स्की-उडीत हाउग तिसरा आला व त्याला कांस्यपदक मिळाले. चौथा होता अँडर्स हाउगेन, नॉर्वेत जन्मून अमेरिकेत गेलेला. पन्नास वर्षांनी, १९७४ साली, नॉर्वेतच कोणाच्या तरी लक्षात आले की गुणांच्या बेरजेत चूक झाली होती. हाउगेनचे गुण प्रत्यक्षात जास्त होते. हाउग १९३४ सालीच वारला होता. त्याच्या मुलीने वडिलांचे कांस्यपदक स्वतःच्या हातांनी पंचाऐंशी वर्षांच्या हाउगेनला दिले. चूक त्यांच्याच देशाच्या फायद्याची होती आणि ती उघडही त्यांनीच केली. कुंपणाबद्दल मी मघाशी जे म्हटले, त्याच्या बाजूला हेही नोंदवले पाहिजे.

उतारावरची शर्यत आणि मद्रासचा साहेब

आज हिवाळी ऑलिंपिक म्हटले की डोंगरउतारावरून सुसाट खाली येणारे स्कीपटू आठवतात. पण १९३६ पर्यंत हा प्रकार ऑलिंपिकमध्ये नव्हताच. नॉर्डिक मंडळींच्या मते खरा स्कीपटू सपाटीवर दूरवर जातो आणि उडी मारतो. नुसते खाली घसरणे यात मर्दुमकी कसली?

उतारावरच्या शर्यतीला मान मिळवून देणारा माणूस होता आर्नल्ड लन. हा इंग्रज १८८८ साली आपल्या मद्रासेत जन्मला. त्याचे वडील तेथे मिशनरी म्हणून आले होते. लनने १९२२ मध्ये स्वित्झर्लंडच्या म्युरेन गावी झेंड्यांच्या जोड्यांमधून वळणे घेत जाण्याच्या आधुनिक 'स्लॅलम' शर्यतीचे नियम बसवले. आणखी गंमत अशी की, १९११ सालच्या उतारशर्यतीचा करंडक 'रॉबर्ट्स ऑफ कंदाहार' या नावाचा होता. अफगाण युद्धात कंदाहारची लढाई जिंकलेल्या व पुढे हिंदुस्थानचा सरसेनापती झालेल्या लॉर्ड रॉबर्ट्सच्या नावाने तो दिला गेला होता. आल्प्समधल्या कित्येक शर्यती आजही 'कंदाहार' म्हणून ओळखल्या जातात. साम्राज्याच्या वाटा कोठून कोठे जातात ते पाहा! शेवटी १९३० मध्ये आंतरराष्ट्रीय स्की संघटनेने हा प्रकार मान्य केला आणि १९३६ मध्ये तो ऑलिंपिकमध्ये आला.

हौशी कोण?

याच १९३६ च्या गार्मिश-पार्टेनकिर्शेन ऑलिंपिकमध्ये एक नवा वाद पेटला. जर्मनीत हिटलरची सत्ता होती. गावातील ज्यूविरोधी फलक ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांनी आग्रह धरल्यावर तात्पुरते उतरवले गेले. पण खेळाडूंत चर्चा होती ती दुसऱ्याच गोष्टीची. स्की शिकवून पैसे घेणारे शिक्षक हौशी नव्हेत, म्हणून त्यांना भाग घेता येणार नाही, असा नियम निघाला. स्वित्झर्लंड व ऑस्ट्रियाचे उत्तम स्कीपटू म्हणजे हे शिक्षकच. दोन्ही देशांच्या स्कीपटूंनी उतारशर्यतींवर बहिष्कार घातला.

या वादाचा कळस १९७२ मध्ये झाला. ऑलिंपिक समितीचे तेव्हाचे अध्यक्ष एव्हरी ब्रंडेज हे हौशीपणाचे कट्टर पुरस्कर्ते. १९६८ मध्ये ग्रेनोबलला त्यांनी स्कीवरील कंपन्यांची नावे काढून टाकण्याचा आग्रह धरला होता. तेथे तडजोड अशी निघाली की छायाचित्रे घेण्याआधी खेळाडूंच्या हातातून स्की काढून घ्यावेत. चार वर्षांनी साप्पोरो येथे मात्र ब्रंडेज हटले नाहीत. ऑस्ट्रियाचा कार्ल श्रान्त्स कंपन्यांकडून पैसे घेतो म्हणून स्पर्धेच्या तोंडावर त्याला बाद केले गेले. श्रान्त्सचे म्हणणे असे की, हाच नियम काटेकोर लावला तर ऑलिंपिक फक्त धनिकांसाठीच उरेल. तो व्हिएन्नाला परतला तेव्हा स्वागताला लाखभर लोक रस्त्यावर होते. पुढे १९८० च्या दशकात हौशीपणाचे बंधन सैल झाले आणि १९९८ मध्ये तर अमेरिका-कॅनडाच्या व्यावसायिक लीगचे हॉकीपटूही ऑलिंपिकला उतरले.

मला वाटते, दोन्ही बाजूंत थोडे तथ्य होते. पैशाने खेळ बाजारात जातो, हे ब्रंडेजचे भय खोटे ठरले नाही. पण पोट भरण्याची चिंता नसलेल्यानेच निव्वळ हौसेने खेळावे, हेही आपल्यासारख्यांना परवडणारे नाही. आमच्या संघातील निम्म्या मुली सुट्टीत रोजगाराला जातात. त्यांना कोणी बूट दिले तर त्यांची हौस बाटली असे मी तरी म्हणणार नाही.

बर्फच रुसला तर

बर्फाच्या देशांतही बर्फ हुकमी नसतो. १९२८ साली सेंट मॉरिट्झला ऐन स्पर्धेत उष्ण वारे सुटले, बर्फ वितळला आणि दहा हजार मीटरची स्केटिंग शर्यत अर्ध्यावर रद्द करावी लागली. आघाडीवर असलेल्या अमेरिकेच्या अर्व्हिंग जॅफीचे पदक पाण्यात गेले, अक्षरशः. त्याने १९३२ मध्ये लेक प्लॅसिडला दोन सुवर्णपदके जिंकून ते भरून काढले. १९६४ मध्ये इन्सब्रुकला हिमवर्षाव झालाच नाही. ऑस्ट्रियाच्या सैनिकांनी डोंगरावरून बर्फाच्या हजारो लाद्या आणि चाळीस हजार घनमीटर हिम वाहून आणले. १९८० मध्ये लेक प्लॅसिडला ऑलिंपिकमध्ये प्रथमच कृत्रिम हिम वापरले गेले. याची पद्धत सोपी आहे. गोठणाऱ्या थंडीत दाबाखालचे पाणी आणि हवा एकत्र फवारायची, बारीक थेंब खाली पडता पडता गोठतात. तेव्हा जो आधार होता तो २०२२ मध्ये बीजिंगला जवळजवळ संपूर्ण पाया झाला. तेथील उतारांवरचे जवळपास सर्व हिम यंत्राने बनवलेले होते. जग तापत चालले आहे तसतसा हा प्रश्न अधिक अवघड होणार, हे सांगायला ज्योतिषी नको. ज्यांच्या अंगणात बर्फ पडतो त्यांच्याही अंगणात तो आता विकत आणावा लागतो.

खर्चाचेही तसेच. १९७६ चे यजमानपद अमेरिकेतील डेन्व्हरला दिले होते. १९७२ मध्ये कोलोराडो राज्याच्या मतदारांनी 'आमचा पैसा यात नको' असा कौल दिला आणि स्पर्धा पुन्हा इन्सब्रुकला गेल्या. १९९२ पर्यंत उन्हाळी व हिवाळी ऑलिंपिक एकाच वर्षी होत. १९९४ च्या लिलेहामरपासून ती दोन-दोन वर्षांच्या अंतराने होऊ लागली.

सारायेव्होचा उल्लेख केल्याशिवाय मात्र पुढे जाववत नाही. १९८४ मध्ये या युगोस्लाव्ह शहरात सारे जग जमले होते. आठ वर्षांनी त्याच शहराला वेढा पडला. बॉबस्लेचा मार्ग लष्करी ठाणे बनला आणि क्रीडासंकुलाशेजारच्या मैदानात कबरी खणल्या गेल्या. खेळ युद्ध थांबवतात असे भाषणांत म्हणतात. इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याने ते जपूनच म्हणावे.

स्त्रियांसाठी दारे किती हळू उघडली तेही पाहा. सपाटीवरच्या स्की-शर्यतीत त्यांना १९५२ मध्ये, स्पीड स्केटिंगमध्ये १९६० मध्ये आणि बॉबस्लेत २००२ मध्ये प्रवेश मिळाला. स्की-उडीसाठी तर २०१४ उजाडले, म्हणजे पुरुषांनंतर तब्बल नव्वद वर्षे!

बर्फ असून नसलेला देश

आता आपल्याकडे वळू. भारतात बर्फ नाही असे कसे म्हणावे? हिमालयाच्या नावातच हिम आहे. गुलमर्गला १९२७ मध्येच इंग्रज अधिकाऱ्यांनी स्की क्लब काढला होता आणि सिमल्याचे बर्फाचे स्केटिंग रिंगण १९२० सालचे. पण हे साहेबांचे खेळ होते. पर्वतातला माणूस त्यांचे सामान वाहत होता.

हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचे नाव प्रथम लागले ते १९६४ मध्ये, इन्सब्रुकला. खेळाडू होता जेरेमी बुजाकोव्स्की, पोलंडमध्ये जन्मलेला आणि दार्जिलिंगच्या शाळेत शिकलेला. १९६८ मध्येही तोच होता. त्यानंतर १९८८ मध्ये कॅल्गरीला तीन भारतीय गेले. त्यांतील शैलजा कुमार ही हिवाळी ऑलिंपिकमधील पहिली भारतीय स्त्री. स्लॅलममध्ये तिने दोन्ही फेऱ्या पूर्ण करून २८ वा क्रमांक मिळवला.

आणि मग आला शिवा केशवन. मनालीजवळच्या वशिष्ठ गावचा हा मुलगा. वडील केरळचे, आई इटालियन. त्याचा खेळ ल्यूज, म्हणजे लहानशा घसरगाडीवर पाय पुढे करून उताणे झोपायचे आणि बर्फाच्या नळीतून ताशी १२०-१३० किलोमीटर वेगाने खाली यायचे. या खेळाचा ऑलिंपिक दर्जाचा मार्ग भारतात एकही नव्हता. शिवाने घसरगाडीला चाके लावली आणि हिमालयातल्या डांबरी घाटरस्त्यांवर, ट्रक आणि मेंढ्यांच्या कळपांमधून, सराव केला. १९९८ मध्ये नागानोला तो भारताचा एकमेव खेळाडू होता. वय सोळा, गाडी उसनी. तो २८ वा आला. तेथून २०१८ पर्यंत सलग सहा ऑलिंपिक तो खेळला. २०११ आणि २०१२ मध्ये त्याने आशियाई ल्यूज स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले.

२०१४ च्या सोची ऑलिंपिकची हकीकत मी दोनदा वाचली. आपल्या राष्ट्रीय ऑलिंपिक संघटनेला तेव्हा आंतरराष्ट्रीय समितीने निलंबित केले होते. म्हणून शिवा आणि त्याचे दोन सहकारी उद्‌घाटनाला तिरंग्याखाली नव्हे, तर ऑलिंपिकच्या ध्वजाखाली चालले. शिवाची स्पर्धाही तशीच झाली. ती संपल्यावर, ११ फेब्रुवारीला, निलंबन उठले आणि खेळाडूंच्या वसाहतीत तिरंगा चढवण्यात आला. खेळाडू सोळाव्या वर्षापासून एकटा रस्त्यावर सराव करतो, आणि त्याचा झेंडा मात्र दूरच्या कचेरीतल्या भांडणात अडकून पडतो! याला काय म्हणावे?

२०२२ मध्ये बीजिंगला काश्मीरचा आरिफ खान हा आपला एकमेव प्रतिनिधी होता. जायंट स्लॅलममध्ये तो ४५ वा आला. त्या वेळी गलवान संघर्षातील एका सैनिकाच्या हाती चीनने मशाल दिली म्हणून भारत सरकारने समारंभांवर बहिष्कार टाकला होता. खेळाडूने मात्र आपली शर्यत पुरी केली. दरम्यान मनालीच्या आंचल ठाकूरने २०१८ मध्ये तुर्कस्तानात कांस्यपदक मिळवले. आपल्या पुण्याची श्रुती कोतवालही बर्फावरच्या स्पीड स्केटिंगच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत उतरली. सह्याद्रीत बर्फ पडत नाही, हे कारण तिने पुढे केले नाही. २०२० पासून लेह व गुलमर्ग येथे 'खेलो इंडिया' हिवाळी स्पर्धा भरू लागल्या आहेत.

पदकांचा हिशेब मांडला तर चित्र स्पष्ट आहे. २०२२ मध्ये सुमारे ५४ लाख वस्तीच्या नॉर्वेने १६ सुवर्णपदके नेली. आपले एकही पदक नाही. दक्षिण गोलार्धालाही पहिले सुवर्ण मिळायला २००२ उजाडले. ऑस्ट्रेलियाचा स्टीव्हन ब्रॅडबरी अंतिम शर्यतीत सर्वांत मागे होता. शेवटच्या वळणावर पुढचे सगळे एकमेकांत गुंतून पडले आणि हा शांतपणे रेषा ओलांडून गेला. लोक हसले. पण शेवटचा का होईना, तो त्या शर्यतीत होता, हे विसरून चालणार नाही.

मग उत्तर काय?

मी ज्या प्रश्नापासून निघाले त्याकडे परत येते. मैदान त्यांचे असताना आपण का जावे?

उत्तर मला बर्फात नव्हे, खो-खोतच सापडले. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताने पुरुष व महिला दोन्ही गटांत तो जिंकला. दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, आपल्या महाराष्ट्राचे. त्या स्पर्धेत आपल्या मुलींनी दक्षिण कोरियाला १७५ विरुद्ध १८ असे हरवले. तो सामना पाहताना मी आधी टाळ्या वाजवल्या आणि मग थबकले. कोरिया म्हणजे २०१८ च्या हिवाळी ऑलिंपिकचा यजमान, स्केटिंगमधला दादा देश. खो-खोच्या मॅटवर मात्र त्यांच्या मुली तशाच गोंधळल्या होत्या, जशी मी निवड चाचणीत. त्यांना कळत होते की आपण हरणार. तरी त्या आल्या, शेवटच्या पाळीपर्यंत खेळल्या. त्या आल्या म्हणूनच आपल्या विजयाला 'विश्वचषक' म्हणता आले.

हेच शिवा केशवनने, बुजाकोव्स्कीने, शैलजा कुमारने नॉर्वे आणि ऑस्ट्रियासाठी केले. अंगण ज्याचे त्याला पदक मिळते. पण त्या पदकाला 'जागतिक' हे विशेषण मिळते ते परक्या अंगणातून, उसनी गाडी घेऊन आलेल्यांमुळे. अठ्ठाविसाव्या क्रमांकाचे हे देणे मोठे आहे, आणि त्याची परतफेड अंगणवाल्यांनी करायला हवी. शिकवून, साधने देऊन, दार उघडे ठेवून. शिवाला ल्यूज प्रथम शिकवली ती परदेशातून आलेल्या प्रशिक्षकांनीच, हे येथे आवर्जून सांगते.

माझे हे शेवटचे वर्ष. पुन्हा निवड चाचणी माझ्या वाट्याला नाही. पण प्रथम वर्षाच्या सहा मुली आमच्या मातीच्या मैदानावर रोज सकाळी धावतात आणि त्या माझ्याहून चपळ आहेत. जिमखाना समितीतील सर्व प्राध्यापकांना या लेखाद्वारे एक विनंती करते. नवी मॅट परवडणार नाही हे आम्हाला कळते. शेजारच्या गावातील कॉलेजात ती आहे. चाचणीआधी आठ दिवस आमच्या मुलींना तेथे सरावाला नेता आले, तर पुष्कळ होईल. जाण्यायेण्याचा एसटी खर्च आम्ही जुन्या खेळाडू वर्गणी काढून देऊ.